आत्याचं हृदय आणि ते लाल औषध

आत्याला ब्रेस्टचा कॅन्सर, आणि केमोच्या आधीच डॉक्टरांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला तेव्हा आम्ही चक्रावलोच, म्हटलं रोग कुठे नि तपासणी कुठली. मग कळलं की ते लालभडक औषध असतं ना, डॉक्सोरुबिसिन, ते हृदयाच्या स्नायूलाच इजा करू शकतं, डोस जितका साठत जाईल तितका धोका जास्त, म्हणून आयुष्यभराची मर्यादा ठरलेली असते. इकोत इएफ बघतात, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते. साधारण 55 ते 70 नॉर्मल. आत्याचं 62 वरून 51 वर आलं त्या रविवारी घरात कोणी पोहे-जिलेबीचं नाव काढलं नाही, आणि इंदूरात म्हणजे बघा!

पण मी खरा हललो ते दुसऱ्याच गोष्टीनं. औषध सोडा, कॅन्सर फार वाढून माणूस वाळायला लागला की हातापायांसारखा हृदयाचाही स्नायू झिजतो, 300 ग्रॅमच्या आसपासचं ते हृदय अजून हलकं होतं, मग बसल्या जागी धडधड, जिना चढला की दम, आणि आपण म्हणतो जेवत नाही म्हणून अशक्तपणा आहे. नशीब, आत्याचं तिथवर गेलं नाही. गोळ्या सुरू आहेत, तीन महिन्यांनी परत इको. "राजवाड्यापर्यंत चालत जायचे रे मी," म्हणते, "आता गॅलरीपर्यंत."