तुम्ही विचारलंत म्हणून: दाखल्यावरची ही जनपद सभा कोण?

जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा जुना दाखला बाहेर निघतो, त्यावर गोल शिक्का असतो 'जनपद सभा', आणि मग मला फोन येतो की हे कोणतं ऑफिस, आता कुठे आहे, नक्कल कोण देणार. विदर्भातली पोरं सारखी विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी कामाचं. जनपद सभा म्हणजे तहसीलचा स्थानिक कारभार बघणारी, निवडून आलेली जुनी संस्था. त्या नावाचं ऑफिस आता कुठेच नाही, 1962 मध्ये ते बंद झालं आणि त्यांच्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. म्हणून दाखल खारीज रजिस्टर (मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) आधी त्याच शाळेत बघा, तिथे नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 आधीचा आणि विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे जनपदच्या काळातला कागद म्हणजे सोनं आहे, लॅमिनेशन वगैरे करू नका.

आता इतिहास, कारण तो कोणी सांगतच नाही. तेव्हा आपण विदर्भवाले मुंबई राज्यात नव्हतो, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. इंग्रजांच्या 1883 च्या कायद्यापासून मध्यप्रांतात डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि त्याखाली लोकल बोर्डं होती. स्वातंत्र्य आल्यावर मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी ते सगळं मोडून 1948 चा नवा कायदा आणला आणि जिल्ह्याऐवजी तहसील हेच स्थानिक कारभाराचं एकक केलं, म्हणजे प्रत्येक तहसील एक जनपद आणि तिची एक निवडून आलेली सभा. मला ही कल्पना आजही पटते. तहसीलच्या गावी माणूस बाजाराला जातोच, त्याच फेरीत शाळेची नाहीतर रस्त्याची तक्रार सांगून येईल, जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दिवस मोडायची गरज नाही.

पण दोन गोष्टी नडल्या. सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सरकारचाच एसडीओ (उपविभागीय अधिकारी), म्हणजे लोकांनी ठराव करायचा आणि राबवायचा महसूलवाल्यांनी. आणि दुसरं म्हणजे पैसा. शेतसाऱ्यावरचा उपकर, कोंडवाडे, बाजार, असल्या उत्पन्नावर तहसीलभर शाळा आणि रस्ते कसे चालणार? जिथे खरा पैसा होता तिथेही हात बांधलेले. छिंदवाड्याच्या (आता मध्य प्रदेशात) जनपद सभेने कोळशावर वाढीव कर घेतला तर खाणवाले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि कोर्टाने तो वाढीव कर बेकायदा ठरवला.

तोपर्यंत आपण छिंदवाड्यापासून वेगळे झालो होतो. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि नव्या राज्यात पुण्याकडे जिल्हा लोकल बोर्ड, मराठवाड्यात हैदराबादच्या कायद्याची बोर्डं आणि आपल्याकडे जनपद, असा तिहेरी कारभार होऊन बसला. एकच पद्धत ठरवायला वसंतराव नाईक समिती नेमली, 1961 मध्ये तिचा अहवाल आला. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने गटाला म्हणजे ब्लॉकला जोर दिला होता, नाईक समितीने तो जिल्ह्याला दिला. नाईकसाहेब स्वतः पुसदचे, जनपद त्यांनी जवळून पाहिलेलं, तरी त्यांनी जिल्हाच निवडला, कारण पैसा आणि इंजिनिअर-डॉक्टर पोसायची ताकद तहसीलच्या संस्थेत नाही हे दिसत होतं. तो हिशोब बरोबर होता असं मलाही वाटतं. पण तहसीलला पंचायत समिती ठेवली ती जिल्हा परिषदेच्या हाताखाली, स्वतःचा कर लावायचा अधिकार जवळपास नाहीच, ही गोष्ट मात्र मला अजून खटकते. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपदच्या पाट्या उतरल्या.

मास्तर लोक तेच राहिले, इमारती त्याच राहिल्या, म्हणून गावोगावी म्हातारी माणसं पुढची कित्येक वर्षं 'जनपदची शाळा'च म्हणत होती. फॉर्म भरताना शाळेच्या नावापुढे तुम्ही आजचं 'जि. प. प्राथमिक शाळा' लिहा आणि कंसात 'पूर्वीची जनपद सभा शाळा' एवढं टाका, म्हणजे जात पडताळणी कमिटीसमोर दोन कागदांचा मेळ लागतो.