कोकणातला स्वेटर

पौषात बाबा पहाटे पहाटे कलमांत जातात, मोहर कसा आलाय, तुडतुडे दिसतायत का ते बघायला, आणि तेव्हा आमच्या गुहागरातसुद्धा चांगलंच गार असतं. बाहेरच्यांना हे पटत नाही. मी सुया घेऊन बसले की मुंबईचे पाहुणे हमखास विचारणार, कोकणात स्वेटर कशाला गं? अहो लागतो, जेमतेम दीड-दोन महिने लागतो, पण उरलेले दहा महिने तो सांभाळायचा असतो आणि खरी कसोटी तिथेच आहे.

बाबांचा पहिला स्वेटर शुद्ध लोकरीचा केला होता, मेंदी रंगाचा, चार महिने खपून. फार वापरला नव्हता म्हणून शिमग्यानंतर न धुताच घडी करून ट्रंकेत टाकला, आणि दिवाळीत काढला तर कॉलरला आणि काखेत भोकंच भोकं. कसर! मी अक्षरशः रडले. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन खातात आणि घाम लागलेली जागा त्यांना जास्त आवडते, म्हणून नेमकी काख आणि कॉलर गेली. तेव्हापासून लोकरीचं काहीही असो, आधी धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मग घट्ट बंद पिशवीत, आणि हे सगळं मे महिन्यातच, मृग लागला की काही वाळत नाही.

दुसरा स्वेटर नेटवरच्या अमेरिकन पॅटर्नवरून केला. त्यात सुई 8 नंबर लिहिलेली, मी आपली घरातली 8 नंबर घेतली. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात 8 म्हणजे 4 मिमी आणि नंबर वाढला की सुई बारीक होत जाते, अमेरिकन 8 मात्र 5 मिमी! पॅटर्नमध्ये 10 सेंमीत 18 टाके होते, माझे बसले 22, म्हणजे 100 सेंमी घेरासाठी घातलेल्या 180 टाक्यांत स्वेटर झाला 82 सेंमीचा. बाबांच्या अंगात शिरेना, दहा वर्षांच्या भाच्याला मस्त बसला. आता हाताएवढा नमुना विणून पट्टीने मोजल्याशिवाय मी पुढे जातच नाही, तुम्हीही जाऊ नका, प्लीज.

आईने मला सुलट-उलट शिकवलं, पण तिचा खरा हात क्रोशावर. पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, दाराचं तोरण, सगळं तिचंच. "अगो, इथे सुती दोरा घे, अंगाला चिकटत नाही," हे तिचं वाक्य मी फार उशिरा ऐकलं. सुतीमध्ये लोकरीसारखा ताण नसतो आणि वजन जास्त, त्यामुळे सैल विणलं की कपडा लोंबतो, म्हणून मी सुई एक नंबर बारीक घेते आणि लांबी थोडी कमीच ठेवते. स्वतःसाठी केलेला सुती श्रग मी आता वर्षभर वापरते, बसमध्ये, लग्नात, कुठेही. फक्त श्रावणात तो कुबट होतो, तेव्हा पंख्याखाली आडवा पसरून वाळवते, टांगला तर आणखी लांबतो.

बहिणीची मुलगी आषाढात झाली तेव्हा टोपडं आणि मोजे सुतीच केले. मोजे जाळीचे दिसतात गोड, पण बाळाची बोटं जाळीत अडकतात, त्यामुळे भोकाचं डिझाइन अजिबात नाही, साधी सुलट वीण.

मेंदी लोकरीचा अर्धा गुंडा उरला होता, त्याने ती सगळी भोकं रफू केली आणि बाबा कलमांत अजून तोच घालून जातात. नवीन घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. तरी मी विणतेच आहे, यावेळी सुतीमिश्रित ॲक्रिलिक, कसर लागायची भीती कमी. डावी बाही झालीय, उजवीचे 48 टाके काल रात्री लाईट जायच्या आधी घालून ठेवलेत.