‘अशा प्रकारे’च्या आधी थांबा

मराठी शाळेतल्या निबंधाचे शेवट मोजून चार-पाचच असतात. कल्पनाप्रधान असेल तर आईची हाक येते, ‘ऊठ, शाळेला उशीर होतोय’, आणि सगळं स्वप्न निघतं. वैचारिक असेल तर नाण्याला दोन बाजू असतात, विज्ञान शाप की वरदान ते वापरणाऱ्याच्या हातात असतं, मोबाईलचंही तेच आणि टीव्हीचंही तेच. आईवर असेल तर ‘स्वामी तिन्ही जगाचा’ ठरलेलं, बरं ती ओळ कवी यशवंतांची, पण मुलं बिनधास्त माधव जूलियनांच्या नावावर टाकतात. आणि काहीच सुचलं नाही, घंटा व्हायला आली, तर ‘अशा प्रकारे’ आहेच.

भाचा आठवीत आहे, त्याचा ‘माझा आवडता ऋतू’ वाचत होतो. छान लिहिलेलं, घर गळतं तिथे आजी पातेलं ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात चहा होतो वगैरे, मी हसत होतो आणि पुढची ओळ आली, ‘अशा प्रकारे पावसाळा मला खूप आवडतो.’ अरे ते कळलं की रे! म्हटलं ही ओळ खोड, निबंध चहापाशीच संपलाय. तर म्हणे शेवट नसेल तर मार्क कापतात.

त्याचंही बरोबर आहे म्हणा, नुसती ओळ खोडून भागत नाही. पण शेवटच्या परिच्छेदात पहिला परिच्छेद शब्द बदलून परत लिहायचा ही सवय कुठून लागली कळत नाही, कारण आपल्याकडे यापेक्षा चांगली पद्धत आधीपासून आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग निरूपणाला घेतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात, आणि शेवटी परत त्याच अभंगावर येतात. शब्द तेच, पण मधे तासभर गोष्ट ऐकलेली असते त्यामुळे तो वेगळा लागतो. म्हणजे सुरुवातीकडे जायला हरकत नाही, फक्त मधल्या मजकुराने काहीतरी बदललेलं पाहिजे, नाहीतर गेलात कशाला.

दुसरी पद्धत ज्ञानेश्वरीची. नऊ हजारांच्या आसपास ओव्या झाल्यावर पसायदानात ‘मी काय काय सांगितलं’ याची उजळणी नाही, सरळ मागणं आहे. एवढं सगळं सांगून झालं, आता यातून काय व्हावं, एवढंच. आणि गंमत म्हणजे पसायदान झालं की संपलं असं आपण धरून चालतो, पण त्याच्याही पुढे थोड्या ओव्या आहेत, त्यात गोदावरीचा काठ येतो, यादवांचा राजा रामचंद्र येतो, गुरुपरंपरा येते आणि अगदी शेवटी शके 1212 हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव. इतकं मोठं मागणं मागून झाल्यावर लेखनिकाचं नाव! मला हे फार आवडतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं, त्याने ऐकूनही घेतलं. ‘अशा प्रकारे’ खोडलं आणि त्या जागी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलं, कारण शेवटी घोषवाक्य असलं की अर्धा मार्क जास्त पडतो असं वर्गात सगळ्यांचं मत आहे.