दुधाच्या पिशवीचा कोपरा

दुधाची पिशवी कापली की जो इवलासा त्रिकोणी तुकडा ओट्यावर पडतो ना, आजची पोस्ट त्याच्यावर आहे. हसू नका. मी काही वर्षं फिल्म प्लांटवर काढलीत, म्हणजे जिथे या पिशव्यांचे रोल बनतात तिथे, त्यामुळे तो तुकडा दिसला की माझं डोकं उलटं चालू होतं, हा आला कुठून.

तर आला जमिनीखालच्या गॅसमधून. आपल्या जवळचं उदाहरण रायगडमधल्या नागोठण्याचं. बॉम्बे हायचा, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा, गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येतो, तिथे त्यातून इथेन-प्रोपेन वेगळं काढतात आणि ते नागोठण्याला जातं. मुळात तो कारखाना उभारला तोच या गॅसच्या भरवशावर, तेव्हा आयपीसीएल या सरकारी कंपनीचा होता, आता रिलायन्सचा आहे, आणि आता तर अमेरिकेहून जहाजाने दहेजला उतरवलेलं इथेनही पाइपलाइनने तिथे येतं. म्हणजे बघा, सकाळच्या चहाच्या दुधाला टेक्सासचा हात लागलेला असू शकतो.

इथेन वाफेबरोबर भट्टीतल्या नळ्यांमधून सोडतात, साधारण ८०० ते ८५० डिग्रीला, आणि तेही सेकंदापेक्षा कमी वेळ, कारण जास्त वेळ ठेवलं तर नुसता कोळसा जमतो. इथेनमधले दोन हायड्रोजन निघून जातात आणि इथिलीन मिळतं. मग ते शून्याखाली शंभर डिग्रीच्या आसपास थंड करून बाकीच्या गॅसपासून वेगळं करायचं. एवढा खटाटोप झाला तरी हातात अजून गॅसच असतो. प्लास्टिक पुढे होतं, जेव्हा हजारो इथिलीन रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी करतात. त्यासाठी एलडीला, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनला, हजार ते तीन हजार वातावरणांचा दाब लागतो.

हे पहिल्यांदा झालं ते चक्क अपघाताने. १९३३ साली इंग्लंडमधे चेशायरला, आयसीआय या रसायन कंपनीच्या लॅबमधे फॉसेट आणि गिब्सन हे दोघं इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइडवर दाब देऊन भलतंच काहीतरी बनवायला गेले आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. परत करायला गेले तर कधी जमेना, कधी भांडंच फुटे. १९३५ मधे तिथल्याच लोकांना कळलं की पहिल्या वेळी चुकून आत शिरलेल्या थोड्याशा ऑक्सिजननेच ही साखळी सुरू केली होती. पुढे १९५३ ला जर्मनीत झिग्लर या रसायनशास्त्रज्ञाने टायटॅनियमचा कॅटॅलिस्ट (साखळी जोडायला मदत करणारा पदार्थ) शोधला आणि तेच काम कमी दाबात व्हायला लागलं. आजच्या दुधाच्या पिशवीत दोन्ही घराणी असतात, जास्त दाबाचं एलडी पण आणि कमी दाबाचं एलएलडी पण. एलएलडी घातलं नाही तर पिशवी क्रेटमधे आपटली की फुटणार.

आमच्याकडे यायचा तो या पॉलिथिनचा दाणा. पंचवीस किलोची गोणी, आत साबुदाण्याएवढे मणी. हॉपरमधे ओतायचा, पांढऱ्या रंगाचा मास्टरबॅच (घट्ट रंगाचे दाणे) टाकायचा, एक्स्ट्रूडरमधे वितळवायचा आणि गोल डायमधून (साच्यातून) वर काढत आत हवा भरायची, की छपरापर्यंत फिल्मचा बबल उभा राहतो. बबल स्थिर आहे तोपर्यंत ऑपरेटर राजा, तो डुलायला लागला की सगळ्यांची पळापळ, जाडी बिघडते आणि रोल भंगारात. आणि फरशीवर दाणा सांडलेला असतोच असतो, त्याच्यावरून पाय घसरून पडला नाही असा माणूस आमच्यात नव्हता. शिफ्ट संपली की झाडू मारायचा, थोडा गोणीत, थोडा गटारात. पावसाळ्यात त्या गटाराचं पाणी कुठे जातं हे तेव्हा कोणी विचारत नव्हतं, मीपण नाही. २०२१ ला कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सुमारे १,६८० टन दाणा पसरला, २०२५ ला कोचीजवळ एल्सा ३ बुडालं तेव्हा केरळच्या वाळूत परत तेच, ते फोटो बघताना मला आमची फरशी दिसत होती. बुडालेल्या जहाजाची निदान बातमी होते, गटाराची होत नाही.

आता तो कोपरा. अर्ध्या लिटरची पिशवी साधारण तीनेक ग्रॅमची. कोपरा मी हिशोबाने काढला, पाचेक मिलिग्रॅम. म्हणजे दोनशे कोपरे मिळून एक ग्रॅम. पिशवीला भंगारवाला पैसे देतो, कारण ती एकजात पॉलिथिन आहे, धुऊन दळून तिचा रिप्रोसेस दाणा होतो आणि त्यातून पाइप, ताडपत्री, काळ्या पिशव्या निघतात (परत दुधाची पिशवी नाही होत, शाई असते ना). कोपरा मात्र कोणी वेचत नाही. तो मोरीतून नाहीतर झाडूतून बाहेर जातो, पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तरंगतो आणि उन्हात ठिसूळ होऊन अजून बारीक होत राहतो. बारीक होतो म्हणजे कुजतो असं नाही हं, ती साखळी इतकी लांब आहे की जंतूंना धरायला टोकच सापडत नाही, नुसते तुकड्यांचे तुकडे होत जातात.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, अट काय तर ५० मायक्रॉनच्या वर जाडी आणि पिशवी परत दिली की ५० पैसे. कागदावर मला हा नियम फार आवडला होता, कारण कचऱ्याला भाव असला की तो आपोआप परत येतो हे धंद्यात रोज बघितलंय. पण आमच्या भागात ते ५० पैसे कोणाला मिळालेले मी काही बघितले नाहीत, दूधवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडेच बघत राहिला. चालतंय ते भंगारवाल्यावर, आणि त्याचा भाव ठरतो कच्च्या तेलावर. तेल पडलं की नवा दाणा स्वस्त, मग रिप्रोसेस कोण घेणार, आणि मग तुमच्या पिशव्या दारात पडून. चिप्सच्या पाकिटाला तर चांगल्या दिवसातही कोणी विचारत नाही, तीन-तीन थर चिकटवलेले, वेगळे कोण करत बसणार.

कोपरा पूर्ण न तोडता नुसती चीर द्या, तो पिशवीलाच लटकू दे, दूध तेवढंच निघतं. आणि पिशवी उलटी करून धुऊन वाळवून ठेवा, ओली पिशवी आमचा भंगारवाला तरी वजनात धरत नाही.