सासूचे तीन डायलॉग

रविवार, रात्री दीड

परवाचा एपिसोड आज तिसऱ्यांदा लिहून पाठवला. ‘सून इथे रडायलाच हवी’ असा निरोप होता. रडवली. मग झोप येईना, म्हणून ‘द बिग हाउस’ लावला. १९३० चा सिनेमा, तुरुंगातला. पडद्यावर जिकडेतिकडे पुरुष आणि लिहिणारी बाई, फ्रान्सिस मॅरियन.

जेवणावरून कैदी बिथरतात तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. बुच नावाच्या दांडगटाकडे सुरी असते. पकडला जाणार म्हटल्यावर ती सुरी हातोहात पुढे सरकते, कुणी चकार शब्द काढत नाही. बोलपट नुकते आलेले, ज्याला त्याला बोलायची हौस, आणि ही बाई सगळ्यांना गप्प बसवते. मी असते तर चार डायलॉग कोंबले असते. लिहिण्याआधी ती सॅन क्वेंटिनचा तुरुंग स्वतः बघून आली होती. मी गेल्या वर्षभरात साधी सेटवर गेलेली नाही.

तिचा नवरा, काउबॉयच्या भूमिका करणारा फ्रेड थॉमसन, १९२८ च्या नाताळात गेला. गंजका खिळा पायात घुसला, धनुर्वात झाला. घरात दोन लहान मुलं. आणि १९३० या एका वर्षात तिचे तीन गाजलेले सिनेमे: हा, ग्रेटा गार्बोचा पहिला बोलपट ‘अ‍ॅना ख्रिस्ती’, आणि ‘मिन अँड बिल’, ज्याने साठी ओलांडलेल्या मारी ड्रेसलरला ऑस्कर मिळवून दिलं. ड्रेसलरला कुणी विचारत नव्हतं तेव्हाही मॅरियननेच तिच्यासाठी लिहून तिला परत उभं केलं होतं. मला तिच्या स्वतःच्या दोन ऑस्करांपेक्षा हे मोठं वाटतं. लेखनाचं ऑस्कर घेणारी ती पहिली बाई, ‘द बिग हाउस’साठीच. ऑस्करच्या त्या बाहुलीचं तिने केलेलं वर्णन आठवून आत्ताही हसू येतंय: कमावलेलं शरीर, हातात तलवार आणि मेंदूच्या जागी डोकं छाटलेलं, सिनेधंद्याचं अगदी योग्य प्रतीक म्हणे!

१९४६ च्या सुमारास हॉलिवूड सोडून ती शिल्पं करू लागली.

झोप गेलीच आहे, म्हणून सीन सहा उघडला. सासूचे तीन डायलॉग काढले. आता ती नुसती सुनेच्या ताटातली पोळी उचलून परत डब्यात ठेवते. सकाळी फोन येईलच.