टीव्हीचे पॅनेल गेले नव्हते : बॅकलाइट दुरुस्तीचा माझा अनुभव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या सोलापूरच्या घरातील ३२ इंची टीव्ही भर दुपारी काळा पडू लागला. आवाज चालू असे, रिमोटने वाहिनी बदलली की आवाजही बदले, पण पडद्यावर काही दिसत नसे. संध्याकाळी भिंती जरा निवल्यावर तोच टीव्ही अर्धा तास नीट चाले. महिनाअखेरीस मात्र तो दिवसरात्र काळाच राहू लागला. दुरुस्तीच्या एका दुकानात नेला, तेव्हा तिथल्या माणसाने तो न उघडताच ‘पॅनेल गेलंय’, म्हणजे पडदाच निकामी झालाय, असे सांगितले आणि खर्चाचा जो आकडा काढला, त्यात थोडी भर घातली की नवा टीव्ही आला असता. आईने सात वर्षे जपून वापरलेली वस्तू अशी एका वाक्यावर भंगारात द्यायला माझे मन तयार होईना.

अशोक चौकाजवळच्या आमच्या गल्लीत एक अण्णा राहतात. पिक्चर ट्यूबच्या काळापासून त्यांनी टीव्ही दुरुस्त केले आहेत. आता वयामुळे दुकान बंद केले आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “अंधारात टॉर्च मारून बघितलीस का गं?” त्या रात्री खोलीतले दिवे मालवून मी टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरली. उजेडाच्या त्या छोट्या गोलात बातम्यांची अक्षरे फिकट राखाडी रंगात सरकताना दिसली. म्हणजे चित्र तयार होत होते, फक्त त्याच्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला होता. एलसीडीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागून आलेला प्रकाश कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा एवढेच तो ठरवतो. आज ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तोही एलसीडीच असतो, फक्त जुन्या बारीक ट्यूबच्या जागी त्यात एलईडीच्या पट्ट्या असतात. टॉर्चच्या या तपासणीला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटे पुरतात. दुकानदाराने तेवढे केले असते, तर ‘पॅनेल गेलंय’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते.

उजेड नाही हे कळले, तरी दोष पट्टीत आहे की तिला वीज पुरवणाऱ्या बोर्डात, हे ठरायचे होते. मागचे झाकण काढण्याआधी प्लग काढून बराच वेळ जाऊ दिला, कारण आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर पुरवठ्याच्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३२० व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. तो उतरला आहे हे अण्णांनी आधी मीटरने पाहिले आणि मगच मला बोर्डाला हात लावू दिला. नंतर बॅकलाइटच्या जोडणीवर मीटर लावून टीव्ही चालू केला. आकडा क्षणात ९० व्होल्टच्या पुढे चढला आणि लगेच २४ वर येऊन थांबला. याचा अर्थ अण्णांनी समजावला. सगळे एलईडी एकामागोमाग एकाच माळेत असतात आणि त्यांतून ठरावीक प्रवाह जावा म्हणून बोर्ड दाब वाढवत जातो. माळ कुठे तुटली असेल तर प्रवाह वाहतच नाही, दाब मर्यादेपर्यंत चढतो आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बॅकलाइट बंद करतो. आकडा मुळात चढलाच नसता, तर संशय बोर्डावर गेला असता. दुपारी बंद पडून संध्याकाळी लागण्याचा उलगडाही इथेच झाला : एलईडीच्या आतली केसासारखी तार उष्णतेने सुटायची आणि थंड झाली की पुन्हा टेकायची.

पॅनेल उघडणे हा सगळ्यात जोखमीचा भाग होता. काचेच्या कडेला कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांतली एक जरी दुमडली तर पडद्यावर कायमच्या रेघा येतात, आणि मग पॅनेल खरोखरच गेले असे म्हणावे लागते. पलंगावर चादर अंथरून काम करावे असे माझ्या मनात होते, पण आपल्या सोलापुरी चादरीचे सुती तंतू काचेखालच्या, उजेड पसरवणाऱ्या शीटमध्ये अडकले की पडद्यावर डाग दिसतात, म्हणून अण्णांनी वर आईची गुळगुळीत नायलॉनची साडी पसरायला लावली. पंखा बंद ठेवावा लागला. मे महिन्यातल्या त्या दुपारी काचेवर घाम पडू नये म्हणून मी कपाळाला रुमाल बांधला होता. भावाने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून काच उचलली, तिच्याखालच्या शीटच्या कोपऱ्यांवर पेन्सिलीने क्रमांक घातले आणि एकेक शीट त्याच क्रमाने बाजूला ठेवली.

आत ३ पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर ७ एलईडी. टेस्टरची टोके लावत गेल्यावर २० पेटले. मधल्या पट्टीवरचा चौथा पेटला नाही. त्याची भिंगाची टोपी काढली, तर पिवळ्या चौकोनाच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका होता. अण्णांचे म्हणणे होते की तिन्ही पट्ट्या बदलाव्यात. मला एकच एलईडी बदलायचा होता, आणि मी तसेच केले. पट्टी ॲल्युमिनियमची असल्यामुळे सोल्डरिंगच्या लेखणीची उष्णता ती शोषून घेते. म्हणून कपड्यांची इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर पट्टी तापवली, जुना एलईडी उचलला आणि उणे-अधिकची खूण बघून नवा बसवला. टीव्ही लागला. १९ दिवसांनी पुन्हा काळा पडला.

या वेळी पहिल्या पट्टीवरचा एक गेला होता. एकाच वयाचे, सारखीच उष्णता सोसलेले एलईडी एकामागून एक जातात. प्रत्येक वेळी काच उचलण्याची जोखीम मात्र नव्याने घ्यावी लागते, आणि ती नव्या पट्ट्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग आहे, असे माझे आता ठाम मत आहे.

नवी पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेले, तेव्हा मी टीव्हीचा मॉडेल क्रमांक सांगितला. “ताई, मॉडेल नको, जुनी पट्टी दाखवा,” दुकानदार म्हणाले. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे पॅनेल येऊ शकते. पट्टीवर छापलेला क्रमांक, तिची लांबी, एलईडींची संख्या आणि जोडणीची जागा हे सगळे जुळावे लागते. शिवाय सारख्याच दिसणाऱ्या पट्ट्यांमध्ये काही ३ व्होल्टच्या एलईडींच्या तर काही ६ व्होल्टच्या असतात. आमचे २१ एलईडी मिळून ६३ व्होल्टच्या आसपास घेत. ६ व्होल्टच्या पट्ट्या बसवल्या असत्या, तर बोर्डाला त्या पेटवताच आल्या नसत्या.

नव्या पट्ट्या बसवल्यावर अण्णांनी आणखी एक काम केले. बोर्डावर एलईडींचा प्रवाह ठरवणारे तीन सारखे रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारे छोटे भाग, समांतर जोडलेले होते. त्यांतला एक त्यांनी काढला, त्यामुळे प्रवाह एक तृतीयांशाने कमी झाला. उजेड किंचित उतरला, पण घरात बसून बघायला तो पुरेसा आहे आणि पट्ट्या कमी तापतात. बोर्डाला हात लावायचा नसेल त्यांनी मेनूमध्ये ‘बॅकलाइट’ कमी करावी. ‘ब्राइटनेस’ कमी केल्याने पुष्कळ टीव्हींमध्ये चित्रच काळवंडते, मागचे दिवे तेवढेच जळत राहतात.

झाकण बसवण्याआधी पट्टीचा क्रमांक, तारीख आणि ‘एक रेझिस्टर काढला आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी मी आतल्या बाजूला चिकटवली. पुढे हा टीव्ही जो कोणी उघडेल, त्याला ती सगळ्यात आधी दिसेल.