तीन फुटी टाकी, आठवडा सातवा: आधी लोच, मग वाळू

आजवर मी डोळ्यांना बरी दिसेल ती वाळू आणायचो आणि माशांचा विचार नंतर. या टाकीला क्रम उलटा केला. आधी मासा ठरवला: थर्मॅलिस लोच. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत वाळूवर राहणारा, बोटाएवढा. तोंडात वाळू भरायची, त्यातलं खाणं टिपायचं आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून द्यायची, हे त्याचं दिवसभराचं काम. घाबरला की क्षणात स्वतःला गाडून घेतो. तेव्हा वाळू त्याच्या कल्ल्यांना सोसली पाहिजे, ही पहिली अट.

बांधकामाच्या मालाच्या दुकानात हल्ली क्रश सँडच जास्त दिसते. ती दगड फोडून केलेली. चिमटीत चोळून बघा, कडा टोचतात. बाद. आईने कोकणातून किनाऱ्यावरची वाळू आणली होती, पण चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकताच फसफसून फेस आला. त्यात शिंपल्यांचा चुरा. तो हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच वर नेतो. शेवटी स्विमिंग पूलच्या फिल्टरची वाळू घेतली: दाणा अर्धा ते एक मिलिमीटर, गोलसर, पिवळट-तपकिरी. पांढरीशुभ्र मुद्दाम टाळली, तिच्यावर माशांचे रंग फिके पडतात.

टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच, म्हणजे साधारण १३० लिटर. दोन इंचांच्या थराला २७ किलो वाळू लागली. बादलीत थोडी थोडी घेऊन धुतली. चौदाव्या पाण्याला बादलीचा तळ दिसला.

नुसत्या वाळूत झाडांना खायला काही नसतं. म्हणून मागच्या एक तृतीयांश भागात, वाळूखाली अर्धा इंच जांभ्याची माती घातली, चाळून आणि धुऊन. जांभ्यात लोह भरपूर, आणि शेतातल्या मातीसारखा कुजणारा पाला-शेण त्यात नसतं. पुढच्या बाजूला फक्त वाळू, लोचसाठी. मध्ये चपट्या दगडांची बुटकी भिंत. तरी तिसऱ्या आठवड्यात एक व्हॅलिस्नेरिया मुळासकट उपटली आणि खालचा जांभा असा उसळला की दोन दिवस टाकी चहासारखी दिसत होती. आता जांभ्यावरचं काहीही उपटत नाही, कात्रीने बुडाशी कापतो.

मुख्य झाड क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस. हीसुद्धा सह्याद्रीच्या ओढ्यांतली, लांब अरुंद नागमोडी पानांची. लावल्यावर आठव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागली. नवीन मंडळींना कळकळीने सांगतो, अशा वेळी कंद उपटू नका. सडलेली पानं तेवढी काढा आणि थांबा. माझ्याकडे तीन आठवड्यांनी प्रत्येक कंदाला नवा तपकिरी कोंब आला.

पाचव्या आठवड्यात माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा आधी १२ झेब्रा (पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे) सोडले आणि आठवड्याने ६ लोच. लोच जाळीने पकडू नका. त्याच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. मी प्लास्टिकच्या कपात घेऊन सोडले.

मळ्या या आपल्याकडच्या माशाचा मोह खूप झाला. १८३९ साली साइक्स या इंग्रज अभ्यासकाने दख्खनच्या माशांचं वर्णन करताना त्याच्या शास्त्रीय नावातच 'मुल्या' घातलं, इतका तो आपला. पण त्याला जोरदार वाहतं पाणी लागतं, या टाकीत त्याची आबाळ होईल. रोझी बार्ब मासे येतील, मात्र क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन) दाट झाल्यावरच, कारण कोवळी पानं ते कुरतडतात.

काल रात्री दिवा मालवून टॉर्च लावला. काचेलगत वाळूत फक्त डोळ्यांचे दोन ठिपके, शेजारी आणखी दोन. दाणा हलायचा, तेवढ्यावरून कल्ले चालू असल्याचं कळायचं. सहापैकी पाच मोजले. सहावा सकाळी खाणं टाकल्यावर दगडाच्या भिंतीखालून बाहेर आला.